पृथ्वीचा जमाखर्च मांडणारा माणूस

शाळेच्या भूगोलात 'नैसर्गिक प्रदेश' नावाचा एक धडा असे. विषुववृत्तीय सदाहरित अरण्ये, सॅव्हानाचे उंच गवत, उष्ण वाळवंटे, स्टेपची मैदाने, सूचिपर्णी वृक्षांचा तैगा आणि सरतेशेवटी गोठलेला टुंड्रा. प्रत्येकापुढे पाऊस, तापमान, झाडे, प्राणी आणि लोकजीवन. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई, म्हणून आमच्या पिढीने तो तक्ता घोकून पाठ केला. पण पृथ्वीकडे असे पट्ट्यापट्ट्यांनी पाहावे हे मुळात कुणाला सुचले, हा प्रश्न ना गुरुजींनी विचारला, ना आम्हाला पडला.

या प्रदेशांना शास्त्रज्ञ आज 'बायोम' म्हणतात. त्यांची यादी कुणा एकट्याने केलेली नाही. तिला दोन शतके लागली आणि अनेकांचे हात लागले. परंतु हवामान, उंची, माती आणि वनस्पती यांची सांगड घालून साऱ्या पृथ्वीचे एकच चित्र प्रथम ज्याने कागदावर उतरवले, तो माणूस म्हणजे अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे चित्र माणसाच्या हातून कसे बिघडते, हेही त्यानेच मोजून दाखवले. आज पर्यावरणाच्या नावाने आपण जे बोलतो, त्यातले बरेचसे हा जर्मन गृहस्थ सव्वादोनशे वर्षांपूर्वी सांगून गेला आहे.

माझी तीसेक वर्षे बँकेत गेली. खतावणीचे पान उघडले की जमेची बाजू पाहायची आणि लगेच नावेची. माणसाचे चरित्र वाचतानाही ही सवय सुटत नाही. हम्बोल्टचे चरित्र मी तसेच वाचले, आणि दोन्ही बाजू भरलेल्या दिसल्या.

खाणीतला अधिकारी

हम्बोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते, पुढे राजदरबारी मानकरी झाले. अलेक्झांडर नऊ वर्षांचा असताना ते वारले. आई श्रीमंत घराण्यातली, कर्तव्याला चोख, पण मायेला कोरडी. थोरला भाऊ विल्हेल्म अभ्यासात हुशार. धाकटा मात्र तेगेलच्या वाडीत किडे, शिंपले, पाने आणि दगड गोळा करत हिंडायचा. घरच्यांनी त्याचे नावच 'छोटा औषधवाला' ठेवले होते.

आईची इच्छा मुलाने सरकारी नोकरी करावी अशी होती. तरुण अलेक्झांडरने मधला मार्ग काढला. फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिक्षण घेऊन १७९२ मध्ये तो प्रशियाच्या खाण खात्यात अधिकारी झाला. कामगिरी उत्तम होती, बढत्या भराभर मिळाल्या. पण मला विशेष वाटते ते वेगळेच. खाणीतले मजूर अंधारात आणि विषारी हवेत मरतात हे पाहून त्याने सुरक्षित दिवा आणि श्वसनाचे उपकरण तयार केले आणि मजुरांसाठी स्वतःच्या खिशातून शाळा काढली. वरिष्ठांची परवानगी त्याने मागाहून मिळवली. सरकारी नोकरीत हा क्रम उलटा करणारी माणसे फार थोडी भेटतात.

१७९६ मध्ये आई गेली. वाट्याला जवळजवळ एक लाख थेलरची संपत्ती आली. सत्तावीस वर्षांच्या या अधिकाऱ्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि सारी पुंजी प्रवासावर लावायचे ठरवले. दोन मोहिमा युद्धांमुळे बारगळल्या. अखेर एमे बॉनप्लाँ नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाला सोबत घेऊन ते स्पेनला पोचले. स्पेनच्या राजाने अमेरिकेतील आपल्या वसाहतींत फिरण्याचा परवाना दिला. खर्च हम्बोल्ट यांचा स्वतःचा. ५ जून १७९९ रोजी 'पिझारो' या जहाजाने किनारा सोडला आणि १६ जुलैला ते आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना येथे उतरले.

तेथे पहिल्याच मुक्कामी, राहत्या घराच्या खिडकीतून, त्यांना गुलामांचा बाजार दिसला. विक्रीला उभ्या केलेल्या माणसांचे दात तपासले जात होते. गुलामगिरीविषयीची त्यांची चीड त्यानंतर आयुष्यभर विझली नाही. तिचा संबंध निसर्गाशी होता हे पुढे त्यांच्या लक्षात आले. जेथे माणूस विकला जातो तेथे जमीनही ओरबाडली जाते. ऊस, नीळ, कापूस असे एकच पीक आणि तेही दूरच्या बाजारासाठी.

आटणाऱ्या सरोवराचा हिशेब

फेब्रुवारी १८०० मध्ये हम्बोल्ट आराग्वा खोऱ्यातील व्हॅलेन्सिया सरोवरापाशी आले. खोरे सुपीक, सधन, निळीच्या मळ्यांनी गजबजलेले. पण गावकरी काळजीत होते. सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे मागे हटत होते, पूर्वी बुडालेली बेटे उघडी पडत होती. तळाला कुठेतरी भोक असून पाणी भूगर्भात जाते, असा लोकांचा समज होता.

हम्बोल्ट यांनी उपकरणे काढली. जुन्या काठाच्या खुणा पाहिल्या, बाष्पीभवन किती होते याचा अंदाज घेतला, डोंगर हिंडून पाहिले. सरोवराला बाहेर जाणारी वाट नव्हती; म्हणजे जमेला येणारे ओढ्यांचे पाणी आणि खर्ची पडणारे वाफेचे पाणी, एवढाच व्यवहार. खर्च पूर्वीइतकाच असून शिल्लक घटते आहे, तर जमा कमी झाली असली पाहिजे. ती दोन कारणांनी झाली होती. मळ्यांसाठी ओढ्यांचे पाणी वळवले गेले होते आणि भोवतालच्या उतारांवरची झाडे तोडली गेली होती.

झाडे नेमके काय करतात, हे त्यांनी येथे उलगडून सांगितले. पाने जमिनीवर सावली धरतात, त्यामुळे ओल टिकते. मुळे आणि पाचोळा पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवतात आणि ते झऱ्यांना हळूहळू, वर्षभर पुरते. झाडे हवेत बाष्प सोडून तिला गारवा देतात. तोड झाली की हा सावकाश चालणारा व्यवहार मोडतो. पाऊस पडला की पाणी एकदम उतारावरून धावते, माती घेऊन जाते, खाली पूर आणते; आणि पाऊस सरला की झरे कोरडे पडतात. डोंगर तोडणारी पिढी आपल्या नातवंडांवर सरपणाचा आणि पाण्याचा असा दुहेरी तुटवडा लादते, असा त्यांचा निष्कर्ष होता. बँकेच्या भाषेत, व्याजावर जगायचे सोडून लोक मुद्दलाला हात घालत होते.

या हिशेबाचा पडताळाही लवकरच मिळाला. दोन दशकांनी बूसँगो हा फ्रेंच शास्त्रज्ञ तेथे गेला तेव्हा पाणी पुन्हा वर चढलेले होते. मधल्या काळात स्वातंत्र्ययुद्ध झाले होते. मळे ओस पडले, पाटांची निगा राहिली नाही आणि उतारांवर रान परत माजले. ओढे पुन्हा सरोवराला मिळाले होते.

गवताळ मैदानातून घनदाट अरण्यात

व्हॅलेन्सियाहून ते दक्षिणेला ल्यानोस या अफाट गवताळ प्रदेशात शिरले. उन्हाळ्याचा कडाका, धुळीचे लोट आणि मृगजळ. त्या भाजून निघालेल्या मैदानात मॉरिशिया जातीच्या ताडाची झाडे त्यांना ओलाव्याभोवती उभी दिसली. त्याची फळे पक्षी आणि माकडे खात, बुंध्याशी वाऱ्याने आणलेली माती अडे, सावलीत कीटक आणि गांडुळे जगत आणि आदिवासींचे अन्न, दोर, निवारा हे सारे त्याच झाडातून निघे. एका झाडावर किती जीवांचा संसार चालतो हे त्यांनी दाखवून दिले. अशा प्रजातीला आजच्या परिस्थितिशास्त्रात वेगळे नाव आहे. तो शब्द रूढ व्हायला अजून दीडशे वर्षांहून अधिक काळ जायचा होता.

पुढे ओरिनोको नदीवर ७५ दिवसांचा नावेचा प्रवास झाला. डासांनी अंग सोलून निघाले. खायला भात, केळी, मासे, कधी तेही नाही. ओरिनोको आणि ॲमेझॉन या दोन महानद्यांची खोरी कासिक्यारे या नैसर्गिक प्रवाहाने जोडलेली आहेत, हे त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पक्के केले. नदीकाठच्या वाळूत कासवांची अंडी लाखांनी उपसली जात होती. तेल काढून ते दिव्यासाठी विकले जाई. हम्बोल्ट यांनी तेलाच्या बुधल्यांवरून उलटा हिशेब केला: वर्षाला सुमारे ३ कोटी ३० लाख अंडी, म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार माद्यांची वीण. त्या कासवांची संख्या पुढे इतकी रोडावली की आज त्यांना पहारा ठेवून जगवावे लागते.

मायपुरे येथे त्यांना एका म्हाताऱ्या पोपटाविषयी सांगण्यात आले. तो काय बोलतो हे गावात कुणालाच कळत नसे, कारण तो आतुरे जमातीची भाषा बोलत होता आणि ती जमात नाहीशी झाली होती. हम्बोल्ट यांनी हे टिपून ठेवले. अरण्याबरोबर त्याची नावे जाणणारी माणसेही संपतात, एवढे समजायला ती एक नोंद पुरेशी आहे.

एका डोंगरात साऱ्या पृथ्वीचे पट्टे

२३ जून १८०२ रोजी हम्बोल्ट, बॉनप्लाँ आणि कीटोचे तरुण कार्लोस मोंतुफार चिंबोराझोवर चढले. ६,२६८ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी त्या काळी जगातला सर्वांत उंच डोंगर समजला जाई. हमाल बर्फाच्या रेषेशी परतले. पायांत धड बूट नव्हते. हिरड्यांतून रक्त येत होते. तरी थांबून थांबून हवेचा दाब आणि तापमान यांच्या नोंदी चालूच होत्या. सुमारे ५,९०० मीटरवर एका खोल दरीने वाट अडवली. शिखर राहिले, पण इतक्या उंचीवर माणूस पोचल्याची नोंद तोवर नव्हती.

या डोंगरावर त्यांना दिसलेली गोष्ट त्यांनी एका मोठ्या चित्रात मांडली. 'वनस्पतींचा भूगोल' या १८०७ मध्ये आलेल्या निबंधासोबत ते छापले गेले. तळाशी ताड-केळीचे उष्ण अरण्य. त्यावर सिंकोना आणि ओक. मग झुडपे, पारामोची गवताळ कुरणे, दगडफूल आणि शेवटी बर्फ. चित्राच्या दोन्ही बाजूंना उंचीगणिक उष्णता, आर्द्रता आणि पिकांचे रकाने. विषुववृत्तावरून ध्रुवाकडे हजारो मैल जाताना जे पट्टे लागतात, तेच येथे काही दिवसांच्या चढणीत भेटतात. आणि आल्प्सवर किंवा आणखी कुठे तसेच हवामान असेल तर तेथे तशाच वनस्पती आढळतात, हे त्यांनी दाखवले. आमच्या शाळेतल्या तक्त्याचे बीज हेच. १८१७ मध्ये समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषाही त्यांनीच नकाशावर ओढल्या.

१८०४ मध्ये ते युरोपला परतले तेव्हा सोबत वनस्पतींचे सुमारे ६०,००० नमुने होते.

आता नावेची बाजू. पेरूच्या किनाऱ्यावरील समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानो खताचे नमुने त्यांनी युरोपात आणले. १८४०नंतर या खताचा प्रचंड व्यापार सुरू झाला आणि युगानुयुगे साठलेले थर काही दशकांत खरवडले गेले. मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींवरील त्यांच्या ग्रंथाने लंडनच्या भांडवलदारांचे डोळे दिपले. १८२०च्या दशकात खाणींच्या शेअर्सचा फुगा फुगला आणि फुटलाही. निसर्ग जपावा म्हणून केलेल्या नोंदी निसर्ग विकणाऱ्यांच्याही कामी आल्या. नकाशा करणाऱ्याला तो कोण वापरणार हे ठरवता येत नाही. यात हम्बोल्ट यांचा हेतू नव्हता, पण खतावणीत नोंद करायची ती व्यवहाराची. हेतूला तिथे रकाना नसतो.

हिंदुस्थानचे राहून गेलेले दर्शन

हम्बोल्ट यांना हिमालय पाहायचा होता. अँडीजच्या चित्राशेजारी हिमालयाचे चित्र मांडल्याशिवाय तुलना पुरी होणार नव्हती. १८१४ पासून त्यांनी लंडनला खेटे घातले. प्रशियाच्या राजाने पैशांचे आश्वासन दिले. ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील जुलमावर इतके रोखठोक लिहिणारा माणूस आपल्या मुलखात हिंडू देणे कंपनीला परवडणारे नसावे, असे त्यांचे चरित्रकार मानतात. थोरला भाऊ विल्हेल्म मात्र घरबसल्या हिंदुस्थानात पोचला. तो संस्कृत शिकला आणि १८२५-२६ मध्ये बर्लिनच्या अकादमीत त्याने भगवद्गीतेवर निबंध वाचले.

स्वतः येता आले नाही तरी हम्बोल्ट यांचे विचार आले. जंगलतोडीने पाणी आटते हा त्यांचा आणि बूसँगोचा सिद्धान्त कंपनीच्या डॉक्टरमंडळींनी उचलला. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. कोकणातील तोड, कोरडे पडणारे ओढे आणि गाळाने भरणाऱ्या खाड्या यांकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले होते. १८५४ मध्ये हम्बोल्ट यांच्या शिफारशीवरून श्लागिन्टवाइट बंधू मुंबईत उतरले आणि गुरूने न पाहिलेल्या हिमालयात गेले. त्यांतला आडोल्फ १८५७ मध्ये काशगर येथे मारला गेला.

येथेही दोन बाजू आहेत. जंगल वाचवण्याच्या युक्तिवादातून पुढे जे सरकारी खाते उभे राहिले, त्याने १८६५ आणि १८७८च्या कायद्यांनी गावकऱ्यांचे आणि आदिवासींचे रानावरचे जुने हक्क काढून घेतले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या खात्याविरुद्ध शेतकऱ्याची तक्रार मांडली, ती यामुळेच. हम्बोल्ट यांना जे दुःख मळेवाल्यांच्या जुलमाचे होते, तेच दुःख त्यांच्या सिद्धान्ताच्या आडून आपल्याकडे दिले गेले.

सैबेरिया आणि शेवट

हिंदुस्थान हुकला, पण १८२९ मध्ये रशियाच्या झारचे निमंत्रण आले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी उरल, सैबेरियाचा तैगा, बाराबाचे स्टेप, अल्ताई आणि कॅस्पियनचा किनारा असा सुमारे १५,००० किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत रोगाने मेलेल्या गुरांचा खच असलेल्या मुलखातूनही घोडे न थांबवता ते पुढे गेले. राज्यकारभारावर बोलायचे नाही ही अट त्यांनी मुकाट्याने पाळली. निसर्गाबद्दल मात्र ते बोललेच. १८४३ मध्ये मध्य आशियावरील ग्रंथात त्यांनी माणूस हवामान बदलतो त्याची तीन कारणे दिली: जंगलतोड, पाण्याचे प्रवाह वळवणे आणि कारखानदारीच्या केंद्रांतून हवेत सोडली जाणारी वाफ आणि वायू. आगगाडी नुकतीच धावू लागली होती, तेव्हाचे हे लिखाण आहे.

वारशाची पुंजी प्रवासात आणि तीसहून अधिक खंडांच्या छपाईत केव्हाच संपली होती. राजाच्या मानधनावर ते जगत. दिवसा दरबारात हजेरी आणि रात्री लेखन. राहते घर विकले जाणार अशी वेळ आली तेव्हा मेंडेल्सोन या पेढीवाल्या घराण्याने ते घर विकत घेतले आणि त्यांना तेथेच राहू दिले. पेढीवाल्यांच्या इतिहासात अशा नोंदी थोड्या असतात, म्हणून ही आवर्जून सांगितली. 'कॉसमॉस'चा पाचवा खंड अपुरा टाकून ६ मे १८५९ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी ते गेले. त्यांचे प्रवासवर्णन जहाजावर सोबत नेणाऱ्या डार्विनचा ग्रंथ त्याच वर्षी आला. मागे जे सामान उरले ते नोकराला दिलेले होते.

आजची शिल्लक

त्यांनी पाहिलेल्या एकेका प्रदेशाचे आज काय झाले? ॲमेझॉनच्या अरण्याचा सुमारे सहावा हिस्सा नाहीसा झाला आहे. हम्बोल्ट ज्या रिओ नेग्रोपर्यंत पोचले होते, त्या नदीची पातळी मानाउस शहरापाशी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नोंदींतल्या नीचांकाला गेली. ओरिनोकोच्या दक्षिणेला २०१६ मध्ये व्हेनेझुएलाने फार मोठा टापू खाणींसाठी खुला केला. सोन्यापायी नद्यांत पारा उतरतो आहे. मध्य आशियात कापसासाठी नद्या वळवल्या आणि १९६० नंतर अरल समुद्राचा बहुतांश भाग वाळवंट झाला; १८४३च्या ग्रंथातले दुसरे कारण. बोगोटाला पाणी पुरवणाऱ्या पारामोच्या कुरणांवर पाऊस कमी पडला आणि २०२४ मध्ये त्या महानगरात पाणीकपात करावी लागली.

चिंबोराझोवर २०१२ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हम्बोल्ट यांचा जुना तक्ता घेऊन पुन्हा चढले. वनस्पतींचे पट्टे सरासरी ५०० मीटरहून अधिक वर सरकल्याचे त्यांनी सांगितले. २०१९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी मूळ नोंदी तपासून हा आकडा दोनशे ते पावणेतीनशे मीटरच्या घरात आणला. आकड्यावर वाद आहे, दिशेवर नाही. झाडे थंडाव्याच्या शोधात डोंगर चढत आहेत आणि डोंगराला कुठेतरी टोक असतेच. व्हेनेझुएलातील एका शिखराला आणि त्यावरच्या हिमनदीला हम्बोल्ट यांचे नाव होते. त्या देशातली ती शेवटची हिमनदी. २०२४ मध्ये तिला हिमनदी म्हणण्याइतकाही बर्फ उरलेला नाही, असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

आणि व्हॅलेन्सिया? तेथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाणी वाढते आहे. दुसऱ्या खोऱ्यातून शहरांसाठी आणलेले पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी म्हणून सरोवरात उतरते. काठच्या वस्त्यांत ते शिरले आणि ते पिण्याजोगे राहिलेले नाही. पातळीचा आकडा भरला म्हणून खाते सुधारले असे होत नाही, हे कुठल्याही हिशेबनिसाला पटेल.

१८६९ मध्ये त्यांची जन्मशताब्दी बर्लिनपासून न्यूयॉर्कपर्यंत हजारोंच्या मिरवणुकांनी साजरी झाली. पुढे विज्ञानाच्या शाखा वेगळ्या झाल्या, सगळ्यांची सांगड घालणारा माणूस कुठल्याच शाखेचा उरला नाही, आणि महायुद्धांत जर्मन नावांचेही वावडे झाले. त्यांच्या नावाचे प्रवाह, पेंग्विन आणि डोंगर राहिले. त्यांनी सांगितलेले मागे पडले.

मला मात्र त्यांच्या आयुष्यातला एक साधा भाग पुन्हा पुन्हा आठवतो. सरोवर का आटते, हा प्रश्न हम्बोल्ट यांचा नव्हता. तो आराग्वाच्या गावकऱ्यांचा होता. आपल्या वडिलांच्या वेळी पाणी कुठवर होते हे त्यांना ठाऊक होते. हम्बोल्ट यांनी तो प्रश्न मोलाचा मानला, ऐकून घेतला आणि मग मोजमाप केले. आपल्या गावच्या विहिरीला पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असे आणि आता कुठपर्यंत असते, हे सांगणारे एखादे म्हातारे माणूस अजून बहुतेक घरांत आहे. त्यांना ते विचारून तारीखवार लिहून ठेवावे. हिशेबाची सुरुवातीची शिल्लक त्यांच्याकडेच आहे.